ताराबाई मोडक : दारापर्यंत गेलेली शाळा (वर्षअखेरीच्या निमित्ताने)



एप्रिल महिना म्हणजे प्राथमिक शिक्षकाची लगीनघाई. संकलित चाचणी, पेपर तपासणी, आकारिक नोंदी, हजेरीची बेरीज, निकालपत्रक, प्रगतिपत्रकं. १ मे रोजी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं की निकाल वाटायचा आणि सुट्टी लागली. या सगळ्या धावपळीत १९ एप्रिल ही तारीख कधी येते आणि कधी जाते, ते कळतही नाही. १९ एप्रिल १८९२ हा ताराबाई मोडक यांचा जन्मदिवस. डी.एड.च्या पुस्तकात आपण त्यांचं नाव दोन गुणांच्या टिपेसाठी पाठ केलेलं असतं. मीही केलं होतं. त्यांचं चरित्र नीट वाचायची वेळ माझ्यावर मात्र एका चुकीमुळे आली. आधी ती चूक सांगते, मग ताराबाईंकडे वळू.

मी गोरेगावात प्राथमिक शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. घर आरेकडच्या एका पाड्यावर. वडील बांधकामावर, आई मिळेल त्या कामावर. जानेवारीपासून तिच्या दांड्या वाढल्या. मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकत होते, तिच्या वडिलांच्या नंबरवर वेगळा मेसेजही केला. मेसेज पोचल्याच्या खुणा दिसत होत्या, त्यामुळे मी निश्चिंत. आपण कळवलं, आपलं काम झालं, असं धरून चालले होते. निकालाच्या दिवशी कोणीच आलं नाही. प्रगतिपत्रक माझ्या कपाटात राहिलं. त्यावर मी नेहमीप्रमाणे वाचनाचा सराव आवश्यक आणि उपस्थिती वाढवावी एवढं लिहून ठेवलं होतं. जूनमध्ये शाळा उघडली. मुलगी आली नाही.

मोबाईल दिवसभर वडिलांच्या खिशात होता, आईला वाचता येत नव्हतं, आणि माझी प्रत्येक सूचना छापील मराठीत होती, हे मला जुलैत समजलं. म्हणजे सहा महिने मी कळवत होते, पण ज्या बाईला कळायला हवं होतं तिच्यापर्यंत एकही शब्द गेला नव्हता. त्या दिवसांत ताराबाईंचं चरित्र हाती आलं, आणि वाटलं, माझा हा प्रश्न या बाईंनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी सोडवून ठेवलाय की!

शिकलेली मुलगी, पहिली भारतीय प्राचार्या

ताराबाई माहेरच्या केळकर. घरात प्रार्थना समाजाचे विचार होते, त्यामुळे मुलगी शिकली पाहिजे याबद्दल वाद नव्हता. त्या काळी मुलीने चार इयत्ता शिकणं हीसुद्धा बातमी होती. ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे लग्न झालं, अमरावतीला गेल्या, मोडक झाल्या. संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. पदरी लहान मुलगी. आजही अशा बाईला चार प्रश्न विचारले जातात, तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करा.

त्यांनी नोकरी धरली ती राजकोटला. तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिका तयार होत. ताराबाई त्या कॉलेजच्या पहिल्या भारतीय प्राचार्या झाल्या. मान होता, पगार होता, बंगल्यातलं जगणं होतं. एखाद्याने तिथेच निवृत्तीपर्यंत सुखाने काढली असती.

पण त्याच सौराष्ट्रात भावनगरला एक वेगळंच काम चालू होतं. गिजुभाई बधेका नावाच्या एका वकिलाने वकिली सोडून १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं होतं. तिथे छडी नव्हती, पहिला-दुसरा नंबर नव्हता, पाठांतराची सक्ती नव्हती. मुलं स्वतःच्या हाताने वस्तू हाताळून शिकत. इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत गिजुभाईंनी आपल्या मातीत रुजवायला घेतली होती. मुलं त्यांना लाडाने मूछाळी माँ, म्हणजे मिशावाली आई, म्हणत. ताराबाई १९२३ मध्ये प्राचार्यपद सोडून भावनगरला गेल्या. कॉलेज चालवणारी बाई तीन-चार वर्षांच्या पोरांमध्ये जमिनीवर बसली. आपल्याकडे अजूनही बालवाडीची बाई खाली आणि कॉलेजची मॅडम वर अशी उतरंड आहे. ताराबाईंनी ती शंभर वर्षांपूर्वी उलटी चढून दाखवली.

पालकांसाठी लिहिणारी शिक्षिका

भावनगरला ताराबाईंनी सुमारे नऊ वर्षं काम केलं. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. या दोघांना एक गोष्ट फार लवकर कळली होती. शाळेत मुलाला कितीही मोकळं वातावरण दिलं, तरी संध्याकाळी ते मूल घरीच जातं. घरी धपाटे बसत असतील, भीती घातली जात असेल, शेजारच्या मुलाशी तुलना होत असेल, तर शाळेतली दिवसभराची मेहनत पाण्यात. म्हणून बालशिक्षणाची सुरुवात आईबापांपासून करायला हवी.

त्यासाठी त्यांनी शिक्षण पत्रिका चालवली. आधी ती गुजरातीत निघायची. १९३३ पासून ताराबाईंच्या संपादनाखाली मराठीत निघू लागली. शिक्षकांच्या बरोबरीने पालकही या पत्रिकेचे वाचक होते. मूल का रडतं, हट्ट का करतं, त्याला मारलं की नेमकं काय होतं, बक्षिसाची लालूच का वाईट, घरात मुलाला कोणती कामं द्यावीत, असे विषय सोप्या भाषेत मांडलेले असत.

थोडं थांबून विचार करू या. आपण पालकांना वर्षभर काय कळवतो? फी, गणवेश, सहलीचे पैसे, आधार कार्डाची झेरॉक्स, गैरहजेरी आणि शेवटी श्रेणी. मुलाबद्दल काय कळवतो? शिक्षण पत्रिकेने पालकाला सूचना पाळणारा माणूस न मानता विचार करणारा माणूस मानलं. आपल्या वहीतल्या नोटिसा काढून बघितल्या तर हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईला आल्या. दादरला शिशुविहार सुरू झालं. मुलांची शाळा आणि तिच्या जोडीला बालशिक्षिकांचं प्रशिक्षण असं ते काम होतं. मध्यमवर्गीय मुंबईकर पालकांनी शिशुविहारला चांगला प्रतिसाद दिला. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. त्याच वर्षी मॉन्टेसरीबाई भारतात आल्या आणि मद्रासच्या अड्यारमध्ये प्रशिक्षण वर्ग घेऊ लागल्या. बालशिक्षणाला भारतात मान मिळू लागला होता. ताराबाईंचं नाव झालं होतं. वय पन्नाशीकडे झुकलं होतं.

मग बोर्डी का?

मॉन्टेसरी पद्धतीचं साहित्य महाग. लाकडी दंडगोल, घासूनपुसून गुळगुळीत केलेले ठोकळे, मण्यांच्या माळा. शहरातल्या चार पैसेवाल्या घरांतल्या मुलांपुरतं ते ठीक. पण खेड्यातल्या मुलाचं काय? गांधीजींनी नयी तालीमच्या विचारात हाच प्रश्न धरला होता : गरिबाला परवडत नसेल ते शिक्षण देशाला परवडणार नाही. ताराबाईंनी हा प्रश्न अंगावर घेतला. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो. आपण गोरेगावकर ज्या पश्चिम रेल्वेने रोज दादर-चर्चगेट करतो, तिच्याच दुसऱ्या टोकाला, डहाणूच्या पुढे घोलवड स्टेशन आणि तिथून बोर्डी.

याच सुमाराला एक महत्त्वाची भेट झाली, तीही आपल्या उपनगरात. बोरिवलीला ग्रामसेविकांचं शिबिर भरलं होतं. तिथे पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ आल्या होत्या. अनुताईंचा जन्म १९१० चा. बालवयात लग्न, काही महिन्यांतच वैधव्य आणि मग हट्टाने घेतलेलं शिक्षण. बोरिवलीत त्या ताराबाईंना भेटल्या आणि थोड्या दिवसांसाठी म्हणून बोर्डीला गेल्या. त्या थोड्या दिवसांची पुढे ४७ वर्षं झाली.

ते वर्षही साधं नव्हतं. १९४५ मध्ये तलासरी, उंबरगाव, डहाणू पट्ट्यातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात काम करत होते. शेतावर, गवतकापणीला, जंगलात आदिवासी राबत आणि हातात काही पडत नसे. अशा माणसांना लिहिता-वाचता येणारा बाहेरचा माणूस म्हणजे सावकाराचा कारकून किंवा सरकारी शिपाई. कागदावर अंगठा दिला की काहीतरी जातं, एवढाच त्यांचा कागदाशी संबंध. त्यांना शाळेचं निमंत्रण द्यायचं होतं.

मुलं येईनात, म्हणून शाळा गेली

बोर्डीच्या केंद्रात बालवाडी सुरू झाली. वेळ ठरली, जागा ठरली, साहित्य मांडलं. गावातली काही मुलं आली. पण हरिजन वाड्यातली मुलं येईनात. बोलावून आणावं तर एक दिवस येत, दुसऱ्या दिवशी गायब.

इथे आपण असतो तर काय केलं असतं? मी माझ्यापुरतं सांगते, हजेरीपटात फुली मारली असती आणि पालक उदासीन आहेत असा शेरा लिहिला असता. ताराबाईंनी आणि अनुताईंनी हा शेरा लिहिला नाही. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा मुलांकडे जाईल, असं त्यांनी ठरवलं. साहित्याची पिशवी उचलली आणि वाड्यात गेल्या. एखादं अंगण पाहिलं, झाडून काढलं. मुलांना गोळा केलं. हातपाय-तोंड धुतली, केस विंचरले, नखं काढली. मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. आज आपण जो शब्द इतका सहज वापरतो, तो असा जन्माला आला.

या अंगणाने आणखी एक काम केलं, आणि वर्षअखेरीच्या आपल्या विषयाशी त्याचाच जवळचा संबंध आहे. अंगणवाडी घरासमोर भरत असल्यामुळे आया धुणं-भांडी, दळण-कांडण करता करता आपलं पोर काय करतंय ते बघू शकत होत्या. आज ते गाणं म्हणालं, आज त्याने शिंपले मोजले, आज ते भांडलं आणि मग गप्प बसलं. हे त्यांना रोज डोळ्यांनी दिसत होतं. त्यासाठी वेगळं प्रगतिपत्रक लागत नव्हतं, पालकसभेची नोटीस लागत नव्हती. माहिती कागदावरून जात नव्हती, दारातून जात होती. आणि ती एकतर्फीही नव्हती. शिक्षिकेलाही दिसत होतं की या घरात चूल पेटलेली नाही, त्या घरात आजारपण आहे, आणि ही मोठी मुलगी दिवसभर भावंड कडेवर घेऊन फिरते.

साहित्याचा प्रश्नही तिथेच सुटला. लाकडी ठोकळ्यांऐवजी चिंचोके, शंखशिंपले, दगड, पानं, बिया, ताडाच्या झावळ्या. मोजायला, लावायला, रंग ओळखायला एवढं पुरेसं. आईला वाटायचं, अरे, हे तर आपल्याकडे पण आहे! शाळेतली वस्तू घरातही असली की घर शाळेला बुजत नाही.

कोसबाडची टेकडी

१९५७ मध्ये हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडला, वारल्यांच्या वस्तीत गेलं. तिथली अडचण वेगळी. पाडे विखुरलेले, घरं लांब लांब. सहा-सात वर्षांची मुलं गुरं राखायला जात, मुली घरी लहान भावंडं सांभाळत. त्यांना अकरा ते पाचच्या शाळेत बसवणार कसं?

पुन्हा तोच मार्ग. मूल जिथे आहे तिथे जायचं. गुरं कुरणात चरतात, गुराखी मुलं कुरणात असतात, तर शाळा कुरणात भरवायची. ही कुरणशाळा. गुरांवर एक डोळा आणि पाटीवर एक डोळा ठेवून मुलं शिकली. दिवसभर कामाला जुंपलेल्यांसाठी रात्रीचे वर्ग.

आणि भावंडं सांभाळणाऱ्या मुलींसाठी विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ताई शाळेत बसली की तान्हा भाऊ शेजारच्या पाळणाघरात, मधली बहीण बालवाडीत. मध्येच बाळ रडलं तर ताई उठून बघून येणार. मुलीला शाळेत पाठवा असा उपदेश करण्याआधी ताराबाईंनी ती शाळेत का येत नाही ते शोधलं, आणि मग ते कारणच शाळेच्या आवारात आणून ठेवलं. हे वाचताना मला माझ्या दुसरीतल्या मुलीची आठवण झाली. मी सहा महिन्यांत ती का येत नाही हे एकदाही विचारलं नव्हतं. उपस्थिती वाढवावी एवढंच लिहिलं होतं.

भाषेचंही तसंच. वारली मुलांची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. मुलाच्या बोलीला हसलं की मूल तोंड मिटतं, आणि आईच्या बोलीला हसलं की आई परत शाळेची पायरी चढत नाही. तिथल्या गाण्यांना, नाचांना, गोष्टींना, भिंतीवरच्या चित्रांना कोसबाडच्या शाळेत जागा होती.

ताराबाई काही वर्षं मुंबई राज्याच्या विधिमंडळाच्याही सदस्य होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण सभागृह आणि सन्मान यांत त्या अडकल्या नाहीत. उरलेलं आयुष्य कोसबाडच्या कामातच गेलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यांच्यानंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, ते काम चालवलं.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या गावोगावच्या केंद्रांना नाव दिलं गेलं अंगणवाडी. आज देशभर हा शब्द चालतो. बोर्डीतल्या वाड्यात झाडून काढलेल्या अंगणाचा तो शब्द आहे, हे किती जणांना माहीत असेल?

पाड्यावर गेले तेव्हा

जुलैत एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्या मुलीच्या पाड्यावर गेले. आमच्या गोरेगावात, फिल्मसिटी आणि आरेच्या झाडीत, वारल्यांचे पाडे आहेत. कोसबाडच्या वारल्यांचेच भाऊबंद म्हणा ना. इतकी वर्षं बसने त्या रस्त्याने जाऊनही मी कधी आत वळले नव्हते.

मुलगी दारातच होती. कडेवर तीन वर्षांचा भाऊ. आईला जानेवारीत रोजचं काम मिळालं होतं, म्हणून भावाला सांभाळायला ही घरी. आईला वाटत होतं, शाळेला हे माहीत असणार. मला वाटत होतं, आईला गैरहजेरीचं गांभीर्य माहीत असणार. दोघींनाही एकमेकींचं काहीच माहीत नव्हतं. मी प्रगतिपत्रक वाचून दाखवलं. ती चित्रं छान काढते, हे मी तोंडी सांगितलं, कारण ते कागदावर लिहिलेलंच नव्हतं. आई हसली. पहिल्यांदा.

जवळच अंगणवाडी होती. तिथल्या सेविकाताईंशी मी बोलले. भाऊ तीन वर्षांचा झालेला होता, त्याचं नाव तिथे घातलं गेलं. अंगणवाडी दुपारपर्यंतच, पण आमची शाळाही सकाळची. ऑगस्टमध्ये मुलगी वर्गात आली. सगळं गोड झालं असं नाही. वाचनात ती मागे पडली होती, आणि ती भरपाई करायला पुढचं अख्खं वर्ष गेलं. पण ती आली. ताराबाईंच्या अंगणवाडीने ताईला मोकळं केलं म्हणून आली.

आपण वर्ष संपताना काय करावं?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणं आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणं हे त्यातलंच एक. म्हणजे ही आपली मेहेरबानी नाही, जबाबदारी आहे. ताराबाईंचं चरित्र वाचल्यापासून मी एप्रिलमध्ये काही गोष्टी ठरवून करते. जमल्या तर तुम्हीही करून बघा.

१. निकालाची वाट पाहायची नाही. बरीच कुटुंबं परीक्षा संपल्या संपल्या गावाला जातात. कोकणातल्या गाड्यांची तिकिटं आधीच काढलेली असतात. १ मेला ती येणारच नाहीत. म्हणून जे सांगायचं ते मार्चअखेरपर्यंत सांगून टाकायचं. वर्षभराची काळजी निकालाच्या दिवशी पहिल्यांदा ऐकवणं हा पालकावर अन्याय आहे.

२. मेसेज गेला म्हणजे कळलं असं नाही. फोन कोणाकडे असतो, घरात वाचतं कोण, हे जूनमध्येच वहीत लिहून ठेवायचं. वाचता येत नसेल तिथे व्हॉइस मेसेज, आणि त्याहून बरं म्हणजे शाळा सुटताना गेटवर दोन मिनिटं. मुलाला न्यायला आजी येत असेल तर आजीशी बोलायचं.

३. आधी मुलाला काय येतं ते, मग काय राहिलंय ते. आणि राहिलेलं नेमकं सांगायचं. वाचन कच्चं आहे यातून आईला काही कळत नाही. साधे शब्द वाचतो, जोडाक्षराला अडतो, हे कळतं. ब, क श्रेणीचा अर्थही समजावून द्यायचा.

४. सुट्टीत काय करायचं, ते घरात असलेल्या वस्तूंतून सांगायचं. चिंचोक्यांचे दहाचे गठ्ठे करणं, दुकानाच्या पाट्या आणि स्टेशनांची नावं वाचणं, रोज एक गोष्ट आजीकडून ऐकून तिचं चित्र काढणं. वीस पानांच्या वर्कशीटपेक्षा हे घराघरांत होतं.

५. पुढची माहिती स्पष्ट द्यायची. शाळा कधी उघडणार, पुस्तकं कधी मिळणार, वर्ग बदलणार का. चौथीपर्यंतच शाळा असेल तर पाचवीसाठी कुठे जायचं. जे घर सोडून दुसरीकडे राहायला जाणार आहेत त्यांना शाळा सोडल्याचा दाखला लगेच देणं आपलं काम आहे. आणि दाखला मिळायला उशीर झाला तरी त्या कारणासाठी नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्यांना सांगायचं. कलम ५ मध्ये ते लिहिलेलं आहे. गरीब पालक कागदाच्या भीतीने मुलाला घरी बसवतात.

६. निदान चार घरं. सगळ्या घरी जाणं पन्नासच्या वर्गात जमत नाही, मान्य. पण ज्यांच्या दांड्या जास्त, ज्यांचे पालक एकदाही आलेले नाहीत, अशा चार घरी सुट्टीआधी जाऊन यायचं. प्रगतिपत्रक उरलं असेल तर तेच निमित्त. आणि तिथे बोलण्याआधी बघायचं.

पालकांनाही एक विनंती. घरात काही बदललं असेल, नोकरी गेली, आजारपण आलं, बाळ झालं, गावाला जावं लागणार असेल, तर आम्हाला सांगा. लाजू नका. आम्ही अंदाज बांधत बसतो आणि अंदाज बहुतेक वेळा चुकतो.

या १९ एप्रिलला परिपाठात ताराबाईंची पाच मिनिटं गोष्ट मुलांना जरूर सांगा. कॉलेजची प्राचार्या असलेल्या बाई अंगण झाडून शाळा भरवायच्या, एवढं सांगितलं तरी मुलं कान टवकारतात. माझ्या वर्गात मी सांगितली तेव्हा ती मुलगी तिसरीत होती. आपला भाऊ अंगणवाडीत जातो, हे तिने उभं राहून सगळ्या वर्गाला सांगितलं. त्या वर्षीच्या तिच्या प्रगतिपत्रकावर मी सात ओळी लिहिल्या, आणि १ मेला ते न्यायला तिची आई स्वतः आली होती.